सिस्टरची दुपारची फेरी

नागपूरचा माणूस मे महिन्यात सगळं सहन करतो, पण दुपारची झोपमोड सहन करत नाही. बारा वाजले की दारं लागतात, पडदे ओढले जातात, कूलरची घरघर सुरू होते आणि ऊन कलेपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अशा वेळी कोणी कडी वाजवली, तर तो एक तर कुरिअरवाला असतो, नाही तर पुण्याकडचा पाहुणा. आमच्या गल्लीत मात्र त्या सिस्टर असायच्या. आणि कडी त्या इतक्या हक्कानं वाजवायच्या, की पोलिसांनीही त्यांच्याकडून शिकून घ्यावं.

मी सकाळच्या पाळीच्या शाळेतला मास्तर. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे माझ्या मते झोपेसाठी सरकारनं दिलेला हक्क. डोळे चोळत, मनातल्या मनात शिव्या देत दार उघडलं, की बाहेर पांढरी सुती साडी, डोक्यावर ओला टॉवेल, त्यावर छत्री आणि काखेत पाण्याची बाटली, असा सगळा सरंजाम उभा असायचा.

"जय भीम, सर. झोपला होता का जी?"

"हो."

"झोपा, झोपा. पण आवाज देऊन झोपत जा ना बाप्पा!"

एवढं बोलून त्या पुढच्या दाराकडे वळायच्या. त्यांना माझ्याशी काही काम नसायचं. माझा आवाज ऐकणं हेच काम होतं. माझी झोप मात्र गेली ती गेलीच.

सिस्टर म्हणजे आमच्यापासून एक घर सोडून राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात झालेली. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण जरीपटक्याच्या बाजारामागच्या आमच्या गल्लीत ते फक्त पोस्टमनला ठाऊक असावं. त्यांचे यजमान हयात होते तेव्हा तेही 'सिस्टर, चहा' अशीच हाक मारायचे, असं जुने लोक सांगत. मुलगा पुण्याला नोकरीत रमलेला. पौर्णिमेला विहारात जाताना नेसायची पांढरी साडी उन्हाळ्यात त्यांची रोजची होऊन जायची, आणि रंगीत कपडे घालून कोणी उन्हात निघालेला दिसला की त्याची खैर नसायची.

हे दार वाजवण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर पन्ह्याचा ग्लास हातात घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "उन्हाळ्यात आमच्या वार्डात लोकं पेशंट घेऊन येत, सर. अंग तव्यावानी तापलेलं. मी विचारी, इतका उशीर काहून केला? तं सारे एकच सांगत. आम्हाले वाटलं, झोपले हायेत." मग त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवला. "एक नाही, दोन नाही जी, सारेच तसंच सांगत. बाजूच्या खोलीत माणूस मरून राहिला अन् घरचे चपला काढून हळूहळू चालून राहिले, त्याची झोप मोडू नये म्हणून! ऊन नाही मारत, सर. बंद दार मारते."

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ठरवलं होतं. आपल्या गल्लीतलं माणूस उन्हानं जाऊ द्यायचं नाही. यासाठी त्यांनी ना कोणाची परवानगी घेतली ना सत्कार.

कूलरच्या बाबतीत नागपूरच्या माणसाला कोणी शिकवलेलं खपत नाही. सिस्टर शिकवायच्या. खिडक्या लावून कूलर चालवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "आतली हवा बाहेर नाही गेली तं नवी येईन कुठून? हा कूलर नाही होय, भापेची खोली होय!" धुळीच्या भीतीनं आम्ही मागची खिडकी उघडत नव्हतो. सिस्टर एके दिवशी तडक आत शिरल्या, खिडकीवरचा जाड पडदा काढला, त्याची नीट घडी घातली आणि माझ्या बायकोच्या हातात दिली. "हा दिवाळीले लावजो वं सुनंदा." सुनंदानं मुकाट्यानं तो कपाटात ठेवला. माझं तिनं एवढं कधी ऐकलेलं नाही. खोली मात्र त्या दिवसापासून खरोखर गार पडू लागली, हे कबूल करायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

पावसाळा लागला की हीच बाई उन्हाळ्यात ज्या कूलरचं कौतुक करायची, त्याच कूलरच्या मागे हात धुऊन लागायची. साचलेल्या टाकीत डासांची अंडी होतात. त्या कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपायच्या, ओंजळीत वळवळणाऱ्या अळ्या काढून घरधन्याच्या नाकासमोर धरायच्या आणि विचारायच्या, "पाळल्या का जी?" ज्याच्यावर हा प्रसंग एकदा आला, त्याची टाकी पुढच्या वर्षी जूनमध्येच घासूनपुसून उलटी टाकलेली असायची.

आमची गल्ली तशी उन्हाची लाडकी. धरमपेठेत मोठाली झाडं आहेत, तिथलं ऊन पानांतून गाळून खाली येतं. आमच्याकडे सिमेंटचा रोड झाला आणि ऊन वरून पडायचं ते खालूनही येऊ लागलं. त्यातून गल्लीच्या टोकाला टिनाच्या चार-पाच खोल्या. त्यातल्या एकीत डोंगरे आजी एकटी राहायची. मुलगा बाहेरगावी बांधकामावर, महिन्या दोन महिन्यांनी यायचा. सिस्टरचा जीव सगळ्यात जास्त या टिनाखाली अडकलेला. जयंतीची मिरवणूक झाली की दुसऱ्याच दिवशी त्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना गाठायच्या. "काल नाचून राहिले होते ना? आज चुना मारा." मग टिनावर, गच्च्यांवर चुन्याचे हात बसायचे. सिस्टरनं साऱ्या गल्लीला चुना लावला, हा विनोद दर वर्षी कोणीतरी करायचा आणि दर वर्षी तो स्वतःच हसायचा. मंडपवाला आमच्याच गल्लीतला. त्याच्याकडून जुनं फाटकं कापड घेऊन त्यांनी नळाजवळ सावली करून घेतली, आणि विहाराच्या हॉलमध्ये दोन कूलर लावून तो दुपारभर उघडा ठेवायला समितीला भाग पाडलं.

डोंगरे आजी काही केल्या तिथं झोपायला जाईना. विहारात कसं झोपायचं, पाप लागेल, असं तिचं म्हणणं. सिस्टर तिच्यासमोर बसून म्हणाल्या, "तथागताले तुझ्या झोपेचा राग नाही येत वं आजी. तू मेली तं येईन." आजी उशी घेऊन उठली.

सगळ्यांनी मात्र सिस्टरला असं डोक्यावर घेतलं नव्हतं. दुपारी झोपमोड होणाऱ्यांची एक नाराज पार्टीच होती आणि तिचे पुढारी होते भोयर काका. सिस्टरच्या समोरच त्यांचं घर. सरकारी वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, हातात सदा पाना, तोंडात सदा शिव्या. गल्लीत लाइट गेली की पहिल्यांदा भोयर काका ओट्यावर येत आणि वीजवाल्यांच्या सात पिढ्या बाहेर काढत. मनानं मात्र माणूस लाख. कोणाचाही कूलर बिघडला की हाकेसरशी जायचे आणि पैसे विचारले तर त्यालाही शिवी द्यायचे.

एका एप्रिलमध्ये विहारात बैठक भरली आणि भोयर काकांनी तोड काढली. "हे पाहा सिस्टर, तुम्हाले फक्त आम्ही जिते हावो का नाही, एवढंच पाह्यचं हाये ना? मंग आम्ही गेटवर ओला दुपट्टा टांगतो. आपल्या उन्हात तो किती वेळ ओला राह्यते? वाळला की जो तो उठून भिजवंन. ओला दिसला तं समजा माणूस ठीक हाये. वाळका दिसला तं खुशाल दार तोडा!"

सिस्टरला ते पटलं. त्यांचे गुडघे तोवर बोलू लागले होते, आणि गल्लीच्या टोकाला उभं राहिलं तर सगळी फाटकं एका नजरेत दिसत. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीची शोभा काय वर्णावी! प्रत्येक फाटकावर रंगीबेरंगी दुपट्टे. नागपूरच्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, ओलं कापड चहा गाळेपर्यंत पापड होतं. त्यामुळे झोप तशीही मोडायचीच, पण ती आपल्या मर्जीनं मोडतोय याचं समाधान होतं. अर्ध्या तासानं उठायचं, मग्गाभर पाणी दुपट्ट्यावर मारायचं, त्यातलंच घोटभर स्वतः प्यायचं. माणसं पाणी जास्त पिऊ लागली, हा सिस्टरच्या दृष्टीनं वरचा नफा.

पण फिटरच्या हाताला स्वस्थता नसते. पुढच्या वर्षी भोयर काकांनी सिस्टरकडून सलाइनची एक जुनी नळी मागून घेतली. तुळशीला थेंब थेंब पाणी द्यायला हवी, म्हणाले. सिस्टरनं कौतुकानं दिली. काकांनी गच्चीच्या कठड्यावर एक मोठी बादली भरून ठेवली, तिच्यातून नळी खाली सोडली आणि तिचं तोंड वेलीआड लपवून फाटकावरच्या दुपट्ट्यावर आणलं. आता दुपट्टा दिवसभर आपोआप ओला, आणि काका दिवसभर निवांत. मला त्यांनी ते मोठ्या अभिमानानं दाखवलं, आणि खरं सांगायचं तर मलाही ती युक्ती भारी आवडली. आपल्याकडे नियम मोडणाऱ्यापेक्षा तो हुशारीनं मोडणाऱ्याचं कौतुक अधिक.

नवतपा लागला होता. काकू मुलीकडे वर्ध्याला गेल्या होत्या, काका एकटेच. भर दुपारी लाइट गेली. कूलर थांबले आणि एकेक जण हाश्शहुश्श करत ओट्यावर आला. मीही आलो. सिस्टर गल्लीच्या टोकापर्यंत पाहून परतत होत्या. भोयरांच्या फाटकावरून त्या पुढे गेल्या, चार पावलं टाकली आणि थांबल्या.

"सर, भोयर शिव्या नाही देऊन राहिले?"

खरंच, लाइट जाऊन बराच वेळ झाला होता आणि गल्ली शांत होती. मी म्हटलं, "दुपट्टा तर ओला आहे, सिस्टर."

त्यांनी दुपट्ट्याकडे पाहिलं. तो नुसता ओला नव्हता, टपटप गळत होता. त्यांनी वेल बाजूला सारली. सलाइनची नळी ओळखायला त्यांना कोणाची गरज नव्हती. नळीवरून त्यांची नजर वर बादलीपर्यंत गेली आणि छत्री हातातून गळून पडली. "अरे बाप्पा! दार तोडा! तोडा दार!"

मी आणि मंडपवाल्यानं खांदे लावून कडी उखडली. आत भट्टी. खिडक्या बंद, कूलर बंद, आणि भोयर काका दिवाणाशेजारी फरशीवर आडवे, अंगाला घामाचा थेंब नाही, डोळे अर्धवट उघडे, काहीतरी बरळत होते. कोणी कांदा आणायला धावलं. मी घाईघाईनं पाण्याचा ग्लास त्यांच्या ओठाला लावला, तर सिस्टरनं तो हातावर फटका मारून उडवला. "तोंडात नका टाकू! शुद्धीत नाही माणूस, फुफ्फुसात जाईन. अंगावर टाका!" मग त्यांच्या आवाजात वॉर्ड शिरला. बनियन फाडा, चादर भिजवा, पुठ्ठे घ्या अन् हवा घाला, बर्फ बगलेत लावा, जांघेत लावा, ॲम्ब्युलन्सला फोन करा. गुडघ्यांनी हैराण झालेली ती बाई फरशीवर मांडी ठोकून बसली होती आणि काकांच्या गालावर चापट्या मारत ओरडत होती, "भोयर! शिवी दे रे! एक शिवी दे!"

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा काकांचे ओठ हलले. काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही, पण सिस्टरनं डोळे पुसले.

काका वाचले. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर मला वाटलं, आता सिस्टर हसतील. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडू लागल्या. "मी त्याच्या दारावरून गेली जी, सर. फडकं ओलं दिसलं अन् मी पुढं गेली. साऱ्या जिंदगीत लोकायले विचारत आली, उशीर काहून केला म्हणून. आज मीच करत होती." मी त्यांच्या शेजारी बसलो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गल्लीतला एकही दुपट्टा फाटकावर नव्हता. कोणी काढा म्हटलं नव्हतं. सिस्टरची फेरी पुन्हा सुरू झाली, आणि आता कोणी कुरकुर केली नाही. भोयर काका घरी आल्यावर तर कडी वाजायच्या आधीच आतून ओरडायचे, "जिता हावो, सिस्टर! जाऊन मरा उन्हात!" आणि त्या समाधानानं पुढच्या दाराकडे वळायच्या. "आवाज ऐकला की मले बरं वाट्टे," म्हणायच्या. "आवाजाले नळी नाही लावता येत."

पण गुडघ्यांनी शेवटी हार मानली. ऑपरेशनसाठी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, आणि त्यांनी तिथंच राहावं म्हणून हट्ट धरून बसला. निघताना सगळी गल्ली टॅक्सीभोवती जमली होती. सिस्टरनं कोणाला काही उपदेश केला नाही, ही मोठी नवलाची गोष्ट. काच खाली करून फक्त म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही पाहा जी." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्याच्या गार हवेत सिस्टर कोणाच्या मागे लागणार, असं म्हणून भोयर काकांनी नाक शिंकरलं.

मागे लागल्याच. पुढच्या मे महिन्यात दुपारी एकच्या सुमाराला फोन सुरू झाले. पहिला फोन टिनाखालच्या डोंगरे आजीला, मग घरामागून घर. "झोपला होता का जी? खिडकी उघडी हाये ना? पाणी पेलं?" आवाज ऐकला की फोन बंद. पुण्याला पंख्याखाली बसून ती बाई जरीपटक्याच्या उन्हात फिरत होती. आणि आम्ही? आम्ही सुखावलो. सिस्टरचा फोन येतोच, मग शेजाऱ्याचं दार कोण वाजवतो! दोन उन्हाळे आम्ही असेच काढले. विहाराचा हॉलही कुलूपबंद राहू लागला, कारण किल्ली कोणाकडे आहे हे कोणी विचारतच नव्हतं.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी माझा फोन वाजला नाही. मी वाट पाहत पडून राहिलो, मग उठून बसलो. सुनंदा म्हणाली, "आज उशीर झाला सिस्टरना." चप्पल घालून बाहेर आलो, तर भोयर काका फोन हातात घेऊन भर उन्हात फाटकाशी उभे. "सर, तुम्हाले आला का?" मंडपवाला आला, त्याची आई आली, पलीकडचे दोघं नवरा-बायको आले. दुपारचा एक कधीच होऊन गेला होता आणि सिमेंटच्या रोडवर अख्खी गल्ली उभी होती, प्रत्येकाच्या हातात मुका फोन. शेवटी मीच पुण्याला लावला. मुलानं उचलला. सकाळी चहा घेता घेता आई गेली, म्हणाला. फार त्रास झाला नाही. तुम्हा सगळ्यांना कळवायचंच होतं.

मी ते सगळ्यांना सांगितलं. भोयर काका खाली रोडकडे पाहत राहिले, मग त्यांनी मान वर केली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले. मला आधी कळेना, ते काय करताहेत.

"आजी कुठं हाये?" ते म्हणाले. "डोंगरे आजी काहून नाही आली बाहेर?"

आम्ही धावलो. साठी ओलांडलेले भोयर काका सगळ्यांच्या पुढे होते. टिनाच्या त्या दारावर त्यांनी दोन्ही मुठींनी असे दणके घातले, की शेजारच्या खोल्यांमधली माणसं उठून बाहेर आली. आतून काही आवाज येईना. काकांनी खांदा लावला. तेवढ्यात कडी सरकली आणि घामानं निथळणारी आजी दारात उभी राहिली. तिच्या हातात फोन होता.

"काय झालं रे बाप्पा? काहून दार तोडून राहिले?"

"बाहेर काहून नाही आली वं आजी?" काकांचा आवाज फाटला होता.

"कशी येऊ? सिस्टरचा फोन नाही आला ना अजून. उचलला नाही तं घोर लागते तिले."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भोयर काकांनी आजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंग आम्हीबी थांबतो वं, तुझ्यासोबत," ते म्हणाले.

आम्ही सगळे त्या तापलेल्या टिनाखाली दाटीवाटीनं बसलो. आजीनं माठातून एकेकाला पाणी काढून दिलं आणि फोन मांडीवर घेऊन ती पुन्हा वाट पाहू लागली.